पिवळ्या डब्याची चौकशी

त्या शुक्रवारी बाळासाहेब खळदकर ऑकलंड शहरात एकटेच भटकत होते, असं त्यांच्या घरातल्या सगळ्यांना ठाऊक होतं. प्रत्यक्षात ते ख्राइस्टचर्चमध्ये भटकत होते. दोन्ही गावं न्यूझीलंडमध्येच असल्यामुळे आपण फार मोठं खोटं बोललो असं त्यांना वाटत नव्हतं. मध्ये थोडा समुद्र होता, एवढंच.

खोटं त्यांचं एकट्याचं नव्हतं. पत्नी मंदाताईंनी ते पंधरा दिवस मुरवलं होतं. मुलगा यशोधन ऑकलंडच्या टोकाला टाकानिनीत राहतो आणि ही दोघं पुण्याहून त्याच्याकडे सहा महिन्यांसाठी आलेली. 'पहाटेच्या ट्रेनने शहरात जातो, बंदरावर सूर्योदय बघतो, दिवसभर हिंडतो,' असं सांगून बाळासाहेब घराबाहेर पडले, मध्येच उतरले आणि विमानतळाच्या बसमध्ये जाऊन बसले. विमानाचं तिकीट पुण्यातल्या भाच्याने काढलं होतं. आदल्या दिवशी मंदाताईंनी नवऱ्याला बंदरावर उभं करून, उद्या घालायच्या शर्टात, ऑकलंडचे फोटो काढून ठेवले होते. मग तो शर्ट धुऊन, वाळवून, इस्त्री करून पुन्हा अंगावर चढवला. अशा कामात त्या कुठे कमी पडत नसत.

कारण अर्थातच मुलगी. वल्लरी ऑकलंडमध्येच आयटीत होती आणि तिने ख्राइस्टचर्चच्या आरव पटवर्धनशी लग्न ठरवलं होतं. मुलगा मूळ सांगलीचा, इथे शिकायला आला, इंजिनिअर होऊन राहिला. खळदकरांनी त्याला फक्त व्हिडिओ कॉलवर, म्हणजे छातीपर्यंतच पाहिलं होतं. साखरपुडा तीन आठवड्यांवर. आणि चौकशी शून्य.

चौकशी करायची नाही, ही वल्लरीची अट होती. त्यालाही कारण होतं. काही वर्षांपूर्वी नाशिकच्या प्रसाद नावाच्या मुलाशी तिचं जवळजवळ ठरलं होतं. बाळासाहेब परस्पर नाशिकला गेले, मुलाच्या गल्लीत पानवाल्यापाशी उभे राहिले आणि 'मुलगा सकाळी घरी येतो, डोळे लाल असतात' एवढी माहिती घेऊन परतले. मोडलं. मुलगा हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रात्रपाळीला होता, हे नंतर कळलं. तोपर्यंत त्याचं दुसरीकडे लग्न झालं होतं आणि वल्लरी परदेशी निघून आली होती.

"आरवबद्दल तुम्ही कुणालाही एक जरी प्रश्न विचारलात ना," तिने या वेळी दोघांना समोर बसवून सांगितलं होतं, "तर आम्ही रजिस्टर लग्न करू. तुम्हाला फोटो पाठवीन."

ती आवाज न चढवता बोलली, म्हणून बाळासाहेब घाबरले. मंदाताई घाबरल्या नाहीत. "सांगलीत विचारलं तर संध्याकाळपर्यंत व्याह्यांच्या कानावर जाईल," त्या म्हणाल्या. "तिकडे ख्राइस्टचर्चला कोण आहे आपलं? कुणाला कळणार?"

म्हणून बाळासाहेब सकाळी अकराच्या सुमारास, टोपी भुवयांपर्यंत ओढून, ख्राइस्टचर्चच्या मोठ्या चर्चसमोर उभे होते. भूकंपाने चर्चचा पुढचा भाग पाडला होता आणि उरलेलं लोखंडी परांचीत धरून ठेवलं होतं. शहरही तसंच. चकचकीत इमारत, मग एकदम पडलेल्या दातासारखी मोकळी जागा, मग पुन्हा इमारत. लपायचं म्हटलं तर आडोसा नाही. आरवचं ऑफिस याच भागात कुठेतरी होतं. साइटवरचं पिवळं जाकीट घातलेला प्रत्येक सावळा मुलगा बाळासाहेबांना जावई वाटत होता. असा एक जण सरळ त्यांच्याकडे बघत आला, तेव्हा ते चर्चची माहिती देणाऱ्या फलकाकडे वळले आणि तो तीनदा वाचला. मुलगा "किया ओरा" असा इथला नमस्कार करून निघून गेला. फलकावर काय लिहिलं होतं, विचाराल तर सांगता येणार नाही.

त्यांनी घरच्या ग्रुपवर बंदराचा एक फोटो टाकला. लगेच वल्लरीचा फोन आला.

"बाबा, कुठे आहेस?"

"बंदरावर."

"फोटोत ऊन कसं? इथे धो धो पाऊस पडतोय."

"सकाळचा आहे फोटो."

"सकाळपासून पडतोय."

"मी पहाटेच आलो ना."

"बरं ऐक, मी लंचला खाली येते. फेरीबोटींच्या टर्मिनलपाशी थांब, दहा मिनिटांत पोचते."

"अगं, मी फेरीत बसलोय. पलीकडे डेव्हनपोर्टला चाललोय."

एवढ्यात त्यांच्या मागून ख्राइस्टचर्चची जुनी ट्राम घंटा वाजवत गेली.

"तो आवाज कसला?"

"फेरीचा."

"फेरीला घंटा?"

"जुनी आहे ही."

"भिजू नकोस," वल्लरी म्हणाली आणि तिने फोन ठेवला. तिला पटलं की नाही, हे त्या दोन शब्दांवरून ठरवणं अवघड होतं. बाळासाहेबांनी ते ठरवायचा प्रयत्न बसमध्ये बसल्यावरही चालू ठेवला.

आरवचा पत्ता त्यांना पाठ होता. दिवाळीच्या फराळाच्या खोक्यावर त्यांनीच तो लिहिला होता. बस शहराबाहेरच्या शांत वस्तीत आली आणि ते एका डेअरीपाशी उतरले. इकडे डेअरी म्हणजे कोपऱ्यावरचं किराणा दुकान, आणि चौकशीचा पहिला थांबा किराणा दुकान हा बाळासाहेबांचा जुना शिरस्ता. गल्ल्यावर एक गुजराती गृहस्थ बसले होते. बाळासाहेबांना हायसं वाटलं. त्यांनी एक पाण्याची बाटली घेतली आणि सहज विचारावं तसं हिंदीत विचारलं, "इकडे नऊ नंबरात एक आरव म्हणून मुलगा राहतो ना? सिगारेट वगैरे तुमच्याकडूनच घेत असेल."

"कोण आरव?" गृहस्थ म्हणाले. "अंकल, इथे सगळे कार्ड लावतात आणि जातात. नावं कुणाला माहीत."

"उधारी नसते?"

गृहस्थांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की बाळासाहेब उरलेला प्रश्न गिळून बाहेर आले.

दुसरा थांबा वॉचमन. वस्तीत वॉचमन नव्हता. तिसरा थांबा घरकाम करणारी बाई. तीही नव्हती. रस्त्यावर माणूसच नव्हता. बैठी घरं, बुटकी कुंपणं, आणि प्रत्येक घरासमोर कचऱ्याचा एकेक पिवळा डबा शिस्तीत उभा. यशोधनकडे राहून बाळासाहेबांना एवढं माहीत झालं होतं की बाटल्या, डबे, कागद वेगळ्या डब्यात जातात आणि ठरल्या दिवशी गाडी येऊन ते नेते. या देशात माणसं काही सांगत नसली तरी डबे सांगणार होते.

नऊ नंबरच्या फाटकाशी ते थांबले. डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. पिवळ्या डब्याचं झाकण उचललं.

आत बाटल्या होत्या. वाइनच्या. हिरव्या, पांढऱ्या, वरपर्यंत. मोजायचं धैर्य त्यांना झालं नाही. त्यांनी तसंच झाकण डाव्या हाताने धरून उजव्या हाताने मंदाताईंना फोन लावला.

"पितो," ते म्हणाले.

"किती?"

"डबा भरलाय."

मंदाताईंचा आवाज एकदम थंड झाला. "आठवड्याचा की महिन्याचा?"

"ते डब्यावर लिहिलेलं नाही."

"म्हणजे आपला संशय खरा होता."

"आपला काही संशय नव्हता, मंदा. आपण नुसतं बघायला आलो होतो."

"तुम्ही या परत. शुक्रवार आहे, वल्लरी संध्याकाळी इकडेच जेवायला येतेय. मी सांगते तिला."

"काय सांगशील? कसं कळलं म्हणशील?"

"ते मी बघते. ती चिडली तर चिडू दे. तिचं वाटोळं होण्यापेक्षा बरं." आणि फोन बंद.

बाळासाहेब झाकण धरून उभे होते. त्यांना प्रसाद आठवला, लाल डोळ्यांचा. त्याला त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. मंदाताईंना थांबवावं म्हणून त्यांनी पुन्हा फोन लावला, तेवढ्यात कुंपणापलीकडून कुणीतरी इंग्रजीत म्हणालं, "मी काही मदत करू शकते का?"

शेजारच्या घराच्या पायरीवर एक गोरी म्हातारी उभी होती. अंगात लोकरीचा स्वेटर, पायात रबरी चपला, हातात फोन. ती हसत होती, पण फोन तिने पुढे धरला होता. या क्षणी आपला फोटो निघाला, हे बाळासाहेबांना कळलं.

"आपण कोण?" तिने विचारलं.

माणूस अडचणीत सापडला की त्याच्या तोंडून सवयीचं वाक्य निघतं. बाळासाहेबांच्या तोंडून तेच निघालं, जे नोकरीची सगळी वर्षं त्यांनी लोकांच्या दारात उभं राहून म्हटलं होतं. "मी बोर्डातून आलोय."

वीज मंडळ त्यांनी निवृत्त होताना सोडलं होतं आणि ते इथून हजारो मैलांवर होतं. पण म्हातारीने मान डोलावली. बोर्ड म्हणजे सरकार, हे तिला पटलं.

"आरवबद्दल आहे का?"

"हो. म्हणजे, तसंच काहीसं."

"त्याने काय केलंय?"

"काही नाही. नेहमीचे प्रश्न असतात." आता आलोच आहोत तर, असं बाळासाहेबांच्या मनात आलं आणि त्यांनी आयुष्यातली सर्वांत मोठी चूक अत्यंत नम्रपणे केली. "घरी वेळेवर येतो का? कोण येतं-जातं? एखादी बाई वगैरे? पैशाची चणचण दिसते का? पूर्वी लग्न झालंय असं कधी बोलण्यात आलं?"

पुण्यात हे प्रश्न विचारले की शेजारची बाई खुर्ची पुढे सरकवते, चहा टाकते आणि विचारते, मुलीकडचे का? त्या मुलाचं घर धुऊन निघतं, पण त्यात त्याची बदनामी नसते, उलट भाव वाढतो. म्हातारीचा चेहरा मात्र प्रत्येक प्रश्नाला एकेक पायरी उतरत गेला.

"माझं नाव नोरीन," ती म्हणाली. "मी इथे चाळीस वर्षं राहते. चौदा नंबरात एक कुटुंब होतं. असेच एक गृहस्थ आले, असेच प्रश्न विचारून गेले. महिन्याभरात घर रिकामं झालं. घरमालकाने खरंखोटं विचारलंसुद्धा नाही, सरळ बाहेर काढलं." तिने चष्मा लावला आणि फोनवर एका बोटाने टाइप करायला लागली. "रस्त्याचा आमचा ग्रुप आहे. या वेळी सगळ्यांना आधीच कळलेलं बरं. नऊ नंबरची सरकारी चौकशी चालू आहे. त्याचा घरमालकही ग्रुपवर असतो."

"मॅडम, तसं नाही."

"फोटो आधीच चढलाय. फक्त पाठवायचं राहिलंय."

"मॅडम, एक मिनिट."

"आणि मी आरवला पण फोन केलाय, तुम्ही डब्यात वाकला होतात तेव्हाच. तो निघालाय. त्याला काय सांगायचं ते तुम्ही सांगा."

रस्त्याच्या टोकाला शहरात जाणारी बस दिसली. थांबा समोरच होता. बाळासाहेबांना एवढंच करायचं होतं की रस्ता ओलांडायचा, हात दाखवायचा आणि आत बसायचं. टोपी होती. फोटोत बहुतेक नुसती पाठ आणि डबा आला असेल. आरवला कधीच कळलं नसतं. वल्लरीला कळलं नसतं. फक्त घरमालकाला कळलं असतं की त्याच्या भाडेकरूच्या मागे सरकार लागलंय, आणि साखरपुड्याच्या आधी तो मुलगा घर शोधत फिरला असता. नाशिकला त्यांनी निदान मुलाचं घर घालवलं नव्हतं.

बस थांबली. दार उघडलं. ड्रायव्हरने त्यांच्याकडे पाहिलं.

"नोरीनबाई," बाळासाहेब म्हणाले, "ते पाठवू नका. मी सरकार नाही. मी त्याचा सासरा आहे."

बस गेली. नोरीनचं बोट फोनवर तसंच अधांतरी राहिलं.

मग त्यांनी सगळं सांगितलं. मुलगी, साखरपुडा, छातीपर्यंतचा व्हिडिओ कॉल, नाशिक. आपल्या इंग्रजीत 'चौकशी'ला पोलिसांचा वास येतो हे त्यांच्या आता लक्षात आलं होतं, म्हणून ते म्हणाले, "आमच्याकडे शेजाऱ्यांना विचारतात. मुलगा कसा आहे ते शेजाऱ्यांना आईबापांपेक्षा चांगलं माहीत असतं."

"आणि डबा?"

"शेजारी कुणी दिसलं नाही म्हणून."

नोरीनने फोन खाली घेतला. तिने मजकूर पुसताना बाळासाहेब शेवटचं अक्षर जाईपर्यंत त्या बोटाकडे पाहत राहिले.

"बाटल्या बघितल्यात तुम्ही," ती म्हणाली.

"हो."

"त्याबद्दल तुमचं मत झालं असेल."

"माझ्या बायकोचं झालंय. ती संध्याकाळी मुलीला सांगणार आहे."

नोरीनने स्वेटरची बटणं लावली, ती लावलेली होती तरी. "त्या माझ्या आहेत," ती म्हणाली. "माझ्या मैत्रिणी येतात गुरुवारी. पुस्तकांवर बोलतो. माझा डबा भरला की मी त्याच्यात टाकते. तो काही म्हणत नाही. माझे डबेही तोच रस्त्यावर काढतो, माझा गुडघा धरल्यापासून." मग जरा थांबून, "सगळ्या एका आठवड्याच्या नाहीत."

"नसणारच," बाळासाहेब सभ्यपणे म्हणाले.

एक निळी गाडी वळणावर येऊन थांबली. आरव उतरला. व्हिडिओतल्यापेक्षा उंच होता, आणि बराच घाबरलेला. त्याने आधी नोरीनकडे पाहिलं, ती ठीक आहे ना म्हणून. मग बाळासाहेबांकडे. मग टोपीकडे.

"काका?"

बाळासाहेबांनी टोपी काढली. "तू आधी पाणी पी," ते म्हणाले, आणि डेअरीतली बाटली पुढे केली.

आरवने ती घेतली नाही. नोरीनने त्याला दोन वाक्यांत सगळं सांगितलं. बाटल्यांचा भाग तिसऱ्या वाक्यात, खालच्या आवाजात. तो ऐकत राहिला.

"मला वाटलं, नोरीनला कुणी लुबाडायला आलंय," तो मराठीत म्हणाला. "साइटवरून सिग्नल तोडत आलो मी." मग, "काका, मला विचारायचं ना. मी सगळं सांगितलं असतं."

"तुला विचारून कळतं ती चौकशी नव्हे," बाळासाहेब म्हणाले, आणि हे वाक्य आपल्या कानांना कसं लागतंय ते ऐकून ओशाळले.

"वल्लरीला मी सांगणार नाही," आरव म्हणाला. "आणि लपवणारही नाही. तिने विचारलं तर खरं सांगणार. तुम्हीच आधी सांगितलेलं बरं."

बाळासाहेबांनी तिथेच, कुंपणाला टेकून, फोन लावला. ऑकलंडमध्ये पाऊस पडत असल्याचं मागे ऐकू येत होतं.

"पोचलास का डेव्हनपोर्टला?" वल्लरी म्हणाली.

"मी ख्राइस्टचर्चला आहे. आरवच्या घरासमोर."

बाळासाहेबांनी वाट पाहिली. नोरीन मराठी कळत असल्यासारखी जमिनीकडे बघत होती.

"काय विचारलंस?" अखेर आवाज आला. बाळासाहेबांनी प्रश्न क्रमाने सांगितले. एकही गाळला नाही. झाकण उचललं तेही सांगितलं.

"तिथे कुणाला त्रास झाला?"

"होणार होता. थांबवला."

"तू थांबवलास की थांबला?"

"मी," बाळासाहेब म्हणाले.

"आई होती ह्यात?"

आरवने मान वर केली. बाळासाहेबांना इस्त्री केलेल्या शर्टाची कॉलर टोचायला लागली. हो म्हटलं तर साखरपुड्याच्या पाटाशी मुलीची दोन्ही माणसं नसणार, हे त्यांना स्वच्छ दिसत होतं.

"नाही," ते म्हणाले. "तिला मी सांगितलंच नव्हतं."

"लग्न रजिस्टर नाही करणार," वल्लरी म्हणाली. "तू लग्नाला ये. पण साखरपुड्याला तू नसशील, बाबा. आई बसेल. तू त्या दिवशी कुठेही जा. मला बघायचं नाहीये तुला, त्या दिवशी."

"चालेल."

"चालेल काय?"

"तू म्हणशील तसं," बाळासाहेब म्हणाले. फोन बंद झाल्यावरही त्यांनी तो कानालाच ठेवला होता. आरवने तो हळूच काढून त्यांच्या हातात दिला.

विमानतळाकडे आरवच त्यांना घेऊन निघाला. पहिला सिग्नल गेला, दुसरा गेला. मग बाळासाहेब एकदम ताठ बसले.

"मंदा. ती वल्लरीला सांगणार आहे, बाटल्यांचं."

"मग सांगा त्यांना."

मंदाताई फोन उचलेनात. एकदा, दोनदा. बाळासाहेबांनी यशोधनला विचारलं तर त्याने लिहिलं, आई स्वयंपाकात आहे, वल्लरी लवकर निघालीय, पोचेलच इतक्यात. गाडीत आरव इतका शांतपणे चालवत होता की बाळासाहेबांना त्याचाही ताण आला. तिसऱ्या वेळी फोन उचलला गेला. बाळासाहेबांनी तोंड उघडायच्या आत मंदाताईंचा दबका आवाज गाडीभर पसरला, कारण ते फोन कानाला लावतानाही स्पीकर चालूच ठेवत.

"अहो, ती दाराशी आलीय, चपला काढतेय. मी सुरुवात करते. दारुडा म्हणू की नुसतं पितो म्हणू?"

आरव फोनकडे किंचित झुकला.

"काकू, नमस्कार. मी आरव. बाटल्या शेजारच्या आजींच्या आहेत. आणि तुम्हाला यातलं काहीच माहीत नाहीये, असं काकांनी वल्लरीला सांगितलंय."

पलीकडे कढईत काहीतरी चरचरलं. दूरवर दार वाजलं आणि वल्लरीचा आवाज आला, "आई, कुणाशी बोलतेयस?"

"आलेच गं," मंदाताई म्हणाल्या. मग फोनमध्ये, अगदी वेगळ्या आवाजात, "जेवलास का रे तू?"